खिशातला कांदा
कच्च्या कांद्याच्या वासाने मला कोराडीच्या कॉलनीतलं मैदान आठवतं. भर मे महिन्यात खो-खोची निवड होती. पाणी, दुपट्टा तपासून आईने उन्हाची लू लागू नये म्हणून माझ्या खिशात कांदा कोंबला. "पोरी हसतीन ना मले!" "हसू दे वं, चक्कर तं नाही येणार." पहिल्याच धावेत कांदा टुणकन मैदानात पडला. पोरी खिदळल्या, मला वाटलं, गेली निवड. निवड घेणाऱ्या मिशाळ सरांनी तो उचलून दिला आणि स्वतःच्या खिशातून दुसरा काढून दाखवला. "माह्या मायनं भी देल्ला. पळ आता!" मी अशी पळाले की संघातच आले. आज मिहानमधल्या ऑफिसला निघालेल्या लेकीच्या पर्समध्ये गुपचूप कांदा टाकायला गेले, तर तिथे एक आधीच होता.