न शिकवलेली पकड

अंधेरीच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. गणित शिकवणारा माझा मित्र वाकोल्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला, रविवारची मिस्सा न चुकवणारा. स्टाफरूममध्ये आमचा एकच वाद चालायचा. मी म्हणायचो, गवत हललं की वाघ आला असं समजून जे पळाले, ते पूर्वज वाचले. मागे कुणीतरी आहे असं वाटण्याची त्यांची सवय आपल्यात उतरली, आणि तिलाच आपण देव म्हणतो. तो विचारायचा, "आणि तुझी बुद्धी? तीही त्याच गवतातून आली ना रे?" प्रयोगाने तपासता येतं, असं मी सांगायचो. तपासणारं डोकंही तेच, असं तो म्हणायचा.

मग माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. मुलुंडच्या हॉस्पिटलात ती काचेच्या पेटीत होती, नळ्यांमध्ये. वाट बघा, एवढंच डॉक्टर सांगत. एका दुपारी नर्सने मला शर्टाची बटणं काढायला लावली आणि तिला ऊब मिळावी म्हणून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. मी तिच्या तळहाताला बोट लावलं. तिने ते घट्ट धरलं.

यामागचं कारण मी दरवर्षी शिकवतो. माकडाची पिल्लं आईच्या अंगावरचे केस धरून राहतात, त्याचाच हा अवशेष. पण तिचे डोळेही अजून नीट उघडले नव्हते. जगातलं काहीच ठाऊक नसताना तिला हे ठाऊक होतं. कुठल्या जंगलातल्या, केव्हाच मातीला मिळालेल्या आयांनी ते तिच्यापर्यंत पोचवलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मनात आभार मानत होतो. कुणाचे, ते कळत नव्हतं.

मित्र खाली डबा घेऊन आला होता. त्याला सगळं सांगितलं.

"धरायला आई होती, म्हणून ती पकड आली," तो हळूच म्हणाला. "मग प्रार्थनेत आपण जे धरू बघतो, तिथेही कुणी असेलच ना?"

"तिच्या हातात पेन्सिल दिली तरी ती धरेल रे."

"हो. तेही खरंच."

पुढे तिचं वजन वाढलं आणि आम्ही तिला घाटकोपरला घरी आणलं. वाद अजून सुटलेला नाही. फक्त पकडीचा तो धडा शिकवताना मी हल्ली मध्येच थांबतो, आणि मुलांना वाटतं, सर पुढचं विसरले.