पहिली ढेप आणि दामिनीचं घड्याळ

निलंग्याच्या पुढं शिवप्पांचं गुऱ्हाळ आहे आणि तिथला गूळ म्हणजे गुरुलिंगचा हात. त्या हाताला गेल्या वर्षी एक काळं, जाडजूड प्लॅस्टिकचं डिजिटल घड्याळ मिळालं. लेक दामिनी पोलीस भरतीसाठी लातूरला धावायची, तेव्हाचं. नांदेडला नोकरीवर जाताना तिनं ते बापाच्या मनगटावर बांधलं. झालं, तेव्हापासून या गड्याला दुसरा विषय उरला नाही! घड्याळ बादलीत बुडवून दाखवायचं, पत्र्यावरून खाली टाकून दाखवायचं. वर म्हणायचं, "ह्याला काय बी होत न्हाई. काहिलीत टाका, तरी तासाला वाजंल."

ही फुशारकीच त्याच्या अंगाशी आली.

यंदाच्या रसाचं पहिलं आधण काहिलीतून उतरलं. गुरुलिंगनं गूळ घोटला, ढेपा पाडल्या आणि घाम पुसायला हात वर केला, तर मनगट रिकामं. सगळीकडं शोधलं. शेवटी शिवप्पांनी सगळ्या ढेपा फोडायला लावल्या. त्यांतही नाही. राहिली ती पहिली ढेप. ती मात्र फोडता येईना, कारण शिवप्पांच्या घरी पहिली ढेप अख्खी मठात जाते आणि स्वामींसमोरच फुटते.

"मालक, इरघळलं असंल," गुरुलिंग पुटपुटला.

"कसं इरघळंल? त्याला काय बी होत न्हाई म्हनं!" शिवप्पा कडाडले. "सबंद गावापुढं स्वामींच्या हातात घड्याळ निघालं, तर कुठं तोंड दाखवू रे?"

गुरुलिंगची मान खाली गेली. उभा जन्म गुळात गेला, आणि आता लोक हसत सांगणार, घड्याळाचा गूळ करणारा तो हाच! मालकालाच मग सुचलं. चार वाजायला आले होते. इंजिन बंद केलं, चुलीत उसाची चिपाडं सारणाऱ्या व्यंकटीला हात आवरायला सांगितला, आणि दोघं मोठी माणसं ढेपेला कान लावून बसली. गुरुलिंगनं डोळे मिटले. महादेवा, जळून जाऊ दे, हरवू दे, पण ह्यात नको.

टीं टीं.

आवाज बाहेरून आला.

"मामा, हितं वाजायलंय!" व्यंकटी ओरडला. त्याच्या कवेतली चिपाडं चुलीच्या तोंडाशी होती, आणि त्यांत पट्टा अडकून घड्याळ लोंबत होतं. सकाळी व्यंकटी न्याहारीला बसला, तेव्हा चिपाडं गुरुलिंगनंच ओढली होती. पट्टा तेव्हाच सुटला असणार. गुरुलिंगचा जीव भांड्यात पडला. घड्याळाकडं न बघता त्यानं आधी ढेपेसमोर लोटांगण घातलं. शिवप्पांना हसू फुटलं.

"आता ते खिशात ठिव," ते म्हणाले, "आन बटन लाव."

दुसऱ्या दिवशी मठात ढेप फुटली. गूळ करणाऱ्याला पहिला खडा मिळतो. दर वर्षी तो घेऊन गुरुलिंग कुणा लहान पोराच्या हातावर ठेवायचा. यंदा त्यानं तो सरळ तोंडात टाकला, दाढेखाली धरला, जिभेनं सगळीकडून चाचपला आणि सावकाश चावला. गूळच होता. डोळ्यांत पाणी आलं तरी तो चावतच राहिला.