न विचारता भरलेली हवा

नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमच्या घरातला विळा म्हणजे माझा नवरा.

नणंद बेकरीत पीठ मळते आणि सुट्टीच्या दिवशी जाड टायरांची सायकल घेऊन टेकडीच्या दगडांवरून उतरते. त्या सायकलला शॉकअप नाहीत, ना पुढे ना मागे. दणके सोसायचे ते तिच्या कोपरांनी, गुडघ्यांनी आणि त्या जाड टायरांनी. म्हणून ती हवा मुद्दाम कमी ठेवते. अंगठ्याने दाबलं की टायर दबला पाहिजे, हे तिने घरात हजारदा सांगितलंय.

पण आमच्या ह्यांना सांगणार कोण? टायरचं दुकान आहे ना त्यांचं! त्या सकाळी ती बूट घालत होती, तेवढ्यात ह्यांनी पंप काढला.

"अहो, तिला विचारा तरी," मी म्हटलं.

"तुला काय कळतं टायरमधलं?"

दोन्ही टायर दगडासारखे टणक करून ठेवले. ती घाईत होती, तशीच निघाली. उतारावरच्या पहिल्याच मोठ्या दगडावर सायकल उसळली आणि नणंदेचं खांद्याचं हाड मोडलं.

ती घरी आली तशी सासूबाईंनी तोंड सोडलं. "शॉकअप नसलेली सायकल म्हणजे जिवाशी खेळ! विकून टाका ती."

"गिऱ्हाईक मी आणतो," हे लगेच म्हणाले.

चोर तो चोर, वर शिरजोर! नणंद गळ्यातल्या झोळीत हात अडकवून भिंतीकडे बघत बसली होती. भांडली असती तर मी गप्प राहिले असते. पण तिने सायकलवर पाणी सोडलेलं दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खुशाल विका," मी ह्यांना म्हटलं. "पण आधी त्याच उतारावरून एकदा चालवून दाखवा. तुम्ही भरलेली हवा तशीच आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?" सासूबाई ओरडल्या. "पडेल ना तो!"

"का पडतील? सायकल वाईट, हवा तर चांगली आहे ना?"

हे उठून अंगणात गेले. थोड्या वेळाने बाहेरून हवा सोडल्याचा आवाज आला. नणंद ताडकन उठली, धडपडत बाहेर गेली आणि तिने धड हाताने भावाला बाजूला ढकललं.

"सरक, दादा," ती टायरवर अंगठा दाबत म्हणाली. "माझ्या सायकलला पुन्हा हात लावायचा नाही."