दादाची पेटी

तेराव्याचं जेवण झालं, हात धुतले आणि आम्ही वहिनीकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला.

लाज वाटते लिहायला. पण आज दादाचं वर्षश्राद्ध, आणि तुमच्यातले बरेच जण त्या पेटीवर खेळून गेलायत. सगळे विचारतात, "पेटी कुठेय?" म्हणून सांगते.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. पतपेढीत कॅशियर. गावचं, मालगुंडचं घर आणि घरचा गणपती तोच सांभाळायचा.

मी, मंग्या, शैला, आम्ही बाकीची चुलत भावंडं मुंबईला. गणपतीतला मुक्काम सात दिवसांवरून हळूहळू दीड दिवसावर आलेला. आरती, मोदक, परतीची गाडी.

एका वर्षी त्याने फोन करून फर्मान काढलं, "मेल्यांनो, आपापले जुने व्हिडिओ गेम घेऊन या. बंद पडले असले तरी आणा."

मंग्याने त्याचा कॅसेटवाला आणला. त्याच्या बहिणीने, शैलाने, तिचा. मी माझा सीडीवाला. तिन्ही अर्धमेले.

पुढच्या गणपतीला टीव्हीखाली आंब्याची लाकडी पेटी! आत तिन्ही गेम, बाहेर पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण. एकवर मंग्याचा, दोनवर शैलाचा, तीनवर माझा.

सोल्डरिंग व्हिडिओ बघून शिकलेला. बोटांना फोड, डायनिंग टेबलावर काळे डाग. वहिनी म्हणाली, "माझे दोन चिमटे गेले ह्यात."

नियम एकच. आरतीनंतर खेळायचं, आणि हरेल त्याने उद्याच्या मोदकांचे नारळ खोवायचे.

आम्ही गौरी विसर्जनापर्यंत राहायला लागलो. मंग्या तर रजा वाढवून नारळ खोवायचा.

आणि दादाच्या तेराव्याला हाच मंग्या म्हणाला, "आठवण म्हणून आपापला गेम नेऊया."

मला लगेच पटलं. आमच्याकडे फणसाच्या झाडाच्यासुद्धा वाटण्या झाल्यायत. ज्याचं त्याला, यात चुकतंय काय असंच वाटलं.

वहिनी "न्या" म्हणाली आणि भांडी आवरायला गेली.

वायरी मी कापल्या.

मुंबईत येऊन गेम लावला. चालू होईना. ग्रुपवर मंग्याचा मेसेज, "माझा डेड." मागोमाग शैला, "माझापण."

मग उघडताना काढलेले फोटो नीट बघितले. माझ्या गेमला करंट शैलाच्या ट्रान्सफॉर्मरवरून. शैलाचं पिक्चर मंग्याच्या बोर्डातून. मंग्याचे कंट्रोलर माझ्या वायरीवर. तीन अर्धमेल्यांना दादाने एकमेकांच्या जिवावर चालू ठेवलं होतं.

त्याचा स्वतःचा त्यात एकही नव्हता. वहिनीच्या वाट्याला रिकामी पेटी आली.

गेल्या गणपतीला आम्ही पुन्हा दीड दिवसावर.

आज तिघंही आपापला तुकडा घेऊन आलोय. जोडता कुणालाच येत नाही. ज्याला यायचं त्याच्या फोटोला हार घातलाय.

स्वयंपाकघरात वहिनी एकटीच विळीवर नारळ खोवत होती. पेटी शेजारी, तिच्यात बटाटे.

म्हटलं, "वहिनी, चुकलंच आमचं."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "गेमचं काय नाय गो. ह्यांना कुठे खेळायचा होता? तुम्ही चार दिवस राहाल म्हणून केलेला."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "उठा वहिनी. यंदा मी हरले."

तिने विळी माझ्याकडे सरकवली.

दादा, श्रद्धांजली लिहायला तोंड नाही मला.

नारळ सगळे खोवून ठेवलेत.