साहेबाला बोललेला नवस

कुर्डुवाडीला गाडीतून उतरलं की आधी तापलेल्या काळ्या दगडाचा वास येतो. इंग्रजांनी रेल्वेसाठी बांधलेल्या त्या चाळी, त्यांच्या जाड भिंती, दाराशी कडुनिंब. दुपारी त्या भिंतींतून अशी ऊब झिरपते, की वाटावं, जुनी इंजिनं अजून आत कुठंतरी धापा टाकत उभी आहेत. परवा तो वास छातीभर घेतला, पण आनंद झाला नाही. मस्कतच्या बेकरीतली माझी नोकरी सुटल्यात जमा होती आणि आत्याला ते सांगितलेलं नव्हतं.

आई-वडलांच्या माघारी आत्यानंच मला वाढवलं. आठवीत शाळा सुटली तेव्हा तिनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. पुढं किती दारं झिजवून तिनं मला परदेशी धाडलं, ते तिचं तिलाच ठाऊक. आज मी दोन घास सुखाचे खातो ते तिच्या पुण्याईचे.

घरी पोचलो तर माझ्यापुढं चहाचा एकच कप आला.

"तुझा कुटंय?"

"मी न्हाय घेत आता."

शेजारची काकू दारातूनच म्हणाली, "तू गेल्यापास्नं सोडलाय की तिनं! तुजी नोकरी टिकू दे म्हणून साहेबाला बोललीया."

रुळांपलीकडं एका इंग्रज साहेबाचं थडगं आहे. रेल्वे टाकायला आला आणि तापानं इथंच गेला म्हणतात. ज्यांची माणसं दूरदेशी गेलीत त्या आमच्याकडच्या बायका त्यालाच नवस बोलतात. "त्यो बी लांबनंच आल्याला, माघारी गेला न्हाय. लांबच्यांची काळजी त्याला न्हाय तर कुणाला?" हे आत्याचं म्हणणं. नवस फेडायचा तो गेलेल्यानं स्वतः येऊन, बिस्किटं ठेवून. तोवर बोलणारीनं आवडीची एक गोष्ट सोडायची. चहाशिवाय जिचा दिवस उजाडत नसे, तिनं चहाच सोडला होता. आणि मी तिकडं पुढच्या वर्षी येतो, पुढच्या वर्षी येतो, असं फोनवर सांगत राहिलो होतो.

ऊन कलल्यावर दोघं थडग्याकडं गेलो. बिस्किटं ठेवली. पदर सावरत आत्या म्हणाली, "सांग त्याला, नोकरी टिकली म्हणून."

मी नुसताच पुटपुटलो.

"मोठ्यानं की! इतकी वर्सं हितं पडलाय, मराठी शिकला नसंल व्हय?"

हसू आलं. पण खरं सांगितलं तर तिचा चहा पुन्हा लांबणार.

"टिकली," मी म्हणालो. परक्या मुलखात मेलेल्या त्या माणसाकडं बघायचा मला धीर झाला नाही.

परतताना टपरीवर तिनं स्वतःच ऐटीत सांगितलं, "दोन दे रं. साखर कमी घालू नगंस." पहिला घोट घेतला आणि ती थांबली. कपात बघितलं.

"आसाच आसतो व्हय रं?"

"असाच असतो, आत्या."

"लई गोड लागतोय. तूच पी."

तिचा उरलेला चहा मी प्यायलो. ती पदरानं ओठ पुसत समाधानानं रुळांकडं बघत बसली होती. नवस फिटला, असं तिला वाटत होतं. मला वाटलं होतं, निदान खोटं बोलून का होईना, तिचं तिला परत मिळेल. पण आपलं माणूस आपल्यासाठी जे सोडतं, ते आपण येईपर्यंत तिथंच थांबून राहत नाही. ते आपल्या वाटेनं केव्हाच निघून गेलेलं असतं.