गडाच्या वाटाड्याची परीक्षा

नाव भिकू हिलम, वय अंदाजे साठ, पद रोह्याजवळच्या गडाचा वाटाड्या, नेमणूक स्वयंघोषित. यंदा फर्मान निघालं की ओळखपत्राशिवाय पर्यटकांना गडावर न्यायचं नाही. ते मिळालं नाही तर भिकूचं काम बंद. परीक्षा घ्यायला एक साहेब त्याला घेऊन वर आले.

“गड कुठल्या शतकातला?”

“ते नाय ठाऊक. पण कुठल्या टाक्याचं पाणी प्यायचं नि आग्या मोहोळ कुठं बसलंय, ते सांगतो.”

“ते अभ्यासक्रमात नाही.”

“मोहोळाला सांगा तसं, साहेब.”

साहेबांनी कागदावर ‘अपात्र’ लिहिलं, सही ठोकली आणि आजूबाजूला पाहिलं. खाली तीन वाटा उतरत होत्या. त्यांनी भिकूला पुढे चालायला सांगितलं.