गिरजा इथं राहत नाय

शीतलच्या झेरॉक्सच्या दुकानाची मुदत शेळीच्या पोटात होती.

डोळखांबजवळच्या पाड्यावर, घराच्या पडवीला लागून एकच कोरडी खोली. सासूबाईंनी, म्हणजे सकुबाईंनी, सरळ सांगून टाकलं होतं, "शेळी व्यायच्या आत तुजं मशीन चाललं तर खोली तुजी. नाय चाललं तर शेळीची. ती निदान दूध देते."

आता शेळी उठता-बसता कण्हत होती आणि शीतलचा प्रिंटर कोरा कागदसुद्धा बाहेर टाकत नव्हता.

जुना कॉम्प्युटर होता तोवर सगळं सुरळीत होतं. तो बंद पडला, म्हणून धाकटा भाऊ पंकज याने मुरबाडहून दुसरा आणून दिला. दोन्ही मशीन चालवणारी प्रणाली लिनक्सच, पण घराणी वेगळी. प्रिंटरच्या कंपनीचा प्रोग्रॅम मात्र तोच. कंपनीने छातीठोक लिहिलं होतं, सर्वांनी मान्य केलेल्या नियमाप्रमाणे बनवलाय, कुठल्याही लिनक्सवर चालेल. शीतलने देवापुढे उदबत्ती लावली आणि प्रोग्रॅम सुरू केला. कॉम्प्युटर म्हणाला, अशी फाइल इथे नाही.

फाइल तर डोळ्यांसमोर होती. तिने ती काढून पुन्हा टाकली, तरी तेच. शेवटी पंकजला फोन लावला.

"ताई, प्रोग्रॅम सुरू होताना आधी एका मदतनिसाला, म्हणजे मशीनवरच्या दुसऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, हाक मारतो. तो नसला की असं म्हणतो. त्याचं नाव काय ते शोधून बघ."

तिने ते नाव हुडकलं, मग मशीनभर शोधलं. त्या नावाचं त्या मशीनवर खरंच कुणी नव्हतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारबाबा उभे राहिले. काखेत गाठोडं. "गिरजा हाय का गो घरात?"

शीतलने मानही वर केली नाही. "इथं गिरजा कुनी राहत नाय, बाबा."

"नाय कशी? याच घरात दिलीय."

"इथं मी हाय, सासू हाय आन् शेळी हाय."

बाबा शेळीकडे जरा बघत राहिले आणि निघून गेले.

थोड्या वेळाने सकुबाई पाणी घेऊन आल्या. मागे तेच बाबा, गालात हसत.

"नवशाभाऊ उंबरमाळीवरनं माज्यासाठी आला, आन् तू त्याला दारातनं माघारी फिरवलंस?"

"आई, ते गिरजाला विचारत होते."

"मग मी कोन? लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिवलं, म्हनून माहेरची गिरजा मेली का? माज्या माहेरी सकू कुनाला ठावी नाय."

शीतलने कपाळाला हात लावला आणि ती कॉम्प्युटरकडे वळली. प्रोग्रॅमही बिचारा नवशाभाऊच होता. नियमात ठरलेलं नाव घेऊन दारात हाका मारत होता. मदतनीस घरातच होता, पण या घराण्यात त्याचं नाव दुसरं.

"आधी चहा टाक," सकुबाई म्हणाल्या.

"टाकते. एक माहेरचं नाव लावून येते."

तिने मशीनवरचा तो मदतनीस हुडकला आणि त्याला नियमातलं नावही जोडून दिलं. प्रोग्रॅमने हाक मारली आणि आतून ओ आली. प्रिंटर कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. शीतलने मनात गावदेवीचं नाव घेतलं. कागद बाहेर आला.

सकुबाईंनी तो उलटसुलट पाहिला. "माजं नाव छाप. दोनी नावं. आन् दाराला चिकटव."

खोली शीतलची झाली. शेळी संध्याकाळी सकुबाईंच्या चुलीपाशी व्याली. ती जागा तिला कुणी देऊ केली नव्हती. पिल्लाला मात्र एकच नाव ठेवायचं, असं सकुबाईंनी सुनेला बजावलं.